मागणीच्या दिवशीची पावती

शिट्टी तिसऱ्यांदा वाजली तरी काळी मोटार थांबेना, तेव्हा हवालदार नव्वाफ सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

समोरून तीस-एक गाड्या येत होत्या. तीन गाड्यांच्या रस्त्यावर तीन गाड्या शेजारी शेजारी, सगळ्यांचे हॉर्न एका तालात, आणि त्यावर कुठूनतरी ढोल. सर्वांत पुढे एक पिकअप, तिच्या उघड्या फळीवर पाय सोडून बसलेला कॅमेरावाला मागच्यांचं चित्रण करत होता. त्याच्या मागे ती काळी मोटार. तिच्या खिडकीवर एक धिप्पाड तरुण बूड टेकून बसला होता, कमरेपासून वरचा सगळा देह बाहेर, आणि डोक्यावरचा लाल-पांढऱ्या चौकड्यांचा रुमाल तो हवेत गरगर फिरवत होता. किल्ल्याखालच्या त्या चौकात दुकानदार दारात येऊन हसत उभे होते. शुक्रवारची दुपार, उन्हाळ्याचे दिवस, लग्नाचा हंगाम. करक गावात यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

नव्वाफला मात्र या सगळ्या गोंगाटाच्या मागे आणखी एक आवाज ऐकू येत होता. अॅम्ब्युलन्सचा. जागच्या जागी अडकलेला.

वरातीची ओळ कुणाला तोडू द्यायची नाही, मध्ये परकी गाडी घुसली तर तो वराचा अपमान, अशी इथल्या पोरांची समजूत. त्यामुळे मागच्या गाड्या अॅम्ब्युलन्सला इंचभर जागा देत नव्हत्या. तिच्या भोंग्याच्या तालावरच दोघे-तिघे टाळ्या वाजवत होते.

काळी मोटार नव्वाफच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर कचकन थांबली. तो हलला नाही. खिडकीवरचा तरुण मात्र झटक्याने पुढे येऊन बॉनेटवर आपटता आपटता वाचला. ढोल थांबला.

"जिर्यस!" नव्वाफ ओरडला. "डाव्या गाड्या दुभाजकावर चढव! चढव म्हणतो ना!"

जिर्यस म्हणजे क्रेन चालवणारा त्याचा जोडीदार. दोघांची या चौकात सत्तावीस वर्षं गेली होती. दोघे धावत सुटले, बॉनेटवर थापा मारत, शिव्या देत, चाकं वळवायला लावत. एकेक गाडी दगडी दुभाजकावर चढली, रस्त्यात फट पडली, आणि अॅम्ब्युलन्स त्या फटीतून वर इस्पितळाकडे निघून गेली. जाताना मागच्या काचेतून नव्वाफला एक म्हातारा दिसला, तोंडावर नळी, आणि शेजारी त्याचा हात धरून बसलेली बाई. नव्वाफने घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं गेली होती.

मग तो घाम पुसत काळ्या मोटारीपाशी परत आला.

"लायसन."

आतल्या मुलाने लायसन पुढे केलं. नव्वाफने नाव वाचलं, आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. रकान. मुअता गावचा. आज साडेपाच वाजता वडीलधाऱ्या मंडळींचा जथा, म्हणजे जाहा, घेऊन नव्वाफच्या दारी त्याच्या मुलीला मागणी घालायला येणार होता, तोच हा. यापूर्वी एकदाच तो घरी आला होता, तेव्हा पोराने मान इतकी खाली घातली होती, की नव्वाफला त्याचा फक्त भांग लक्षात राहिला होता.

"काका," रकान म्हणाला, "अस्सलामु अलैकुम."

"वालेकुम अस्सलाम. खाली उतर."

"काका, मी रकान."

"मला वाचता येतं."

खिडकीवरच्या धिप्पाडाला, म्हणजे रकानच्या मुहन्नद नावाच्या चुलतभावाला, आता कुठे उलगडा झाला. त्याने रस्ताभर आरोळी ठोकली, "अरे पोरांनो, हे तर आपलेच निघाले! सासरेबुवा आहेत! सासरेबुवा स्वतः स्वागताला आलेत!"

झालं. ढोल पुन्हा सुरू, हॉर्न पुन्हा सुरू. कुणीतरी नव्वाफच्या गालाचा मुका घेतला. कॅमेरावाला फळीवरून उडी मारून धावत आला आणि त्याच्या नाकासमोर कॅमेरा धरून उभा राहिला.

"अजून झालो नाहीये," नव्वाफ म्हणाला आणि खिशातून पावतीपुस्तक काढलं.

ते पुस्तक दिसताच हॉर्न एकेक करून बंद पडले. करकमध्ये त्या पुस्तकाची कीर्ती होती. सख्ख्या थोरल्या भावाची त्याने दोनदा पावती फाडली होती, आणि मशिदीच्या इमामांना पट्टा लावायला लावलं होतं. गावात कुणाचंही लग्न असलं तरी वरातीतल्या गाडीत नव्वाफला बसायला बोलवत नसत. जेवायला बोलवत, तेही गाड्या लागून गेल्यावर.

"काका, आज नका," रकान हळू आवाजात म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "गाडी माझी नाही. सलामा पाशांची आहे. धुवून आणायला दिली होती. पोरं म्हणाली, एक फेरी मारू. पाच वाजता पाशा हिच्यातच बसून तुमच्याकडे निघायचेत."

सलामा पाशा म्हणजे लष्करातले निवृत्त मोठे अधिकारी. दोन घराण्यांत खून पडला तरी त्यांच्या एका शब्दावर समेट व्हायचा. आजच्या जाहेचे पुढारी तेच होते, आणि ते आपल्या मुलीसाठी येणार म्हणून नव्वाफच्या बायकोने आठवडाभर शेजाऱ्यापाजाऱ्यांना झोपू दिलं नव्हतं.

जिर्यसने नव्वाफला बाजूला ओढलं. "ऐक माझं. क्रेनचा हूक बिघडलाय असं सांगतो मी. पोराला तोंडी दम दे आणि सोड."

"हूक चांगलाय. सकाळी मीच तेल घातलंय."

"अरे गाढवा, जुमाना एकोणतीस वर्षांची आहे! दोन स्थळं मोडली तिची. तिसरं तू स्वतःच्या हाताने मोडणार?"

खरं सांगायचं तर नव्वाफ घाबरला होता. एकुलती एक मुलगी. इथे बापाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात; मुलगा नाही म्हणून लोक 'अबू'पुढे काय म्हणायचं यावर अडायचे, तेव्हा त्यानेच सगळ्यांना बजावलं होतं: मी अबू जुमाना. जुमानाचा बाप. त्या पोरीला रकान मनापासून आवडला होता, हे तिने न सांगताही घरात सगळ्यांना कळत होतं. पण त्याला ती म्हाताऱ्याचा हात धरून बसलेली बाईही दिसत होती, आणि पाच मिनिटं काही केल्या मनातून जात नव्हती.

त्याने पावती लिहिली. रस्ता अडवणे, अॅम्ब्युलन्सला वाट न देणे. लायसन जप्त. गाडी सात दिवस ठाण्याच्या आवारात. मुहन्नदची वेगळी. जिर्यसने हूक लावला, आणि पाशांची काळी, नुकतीच धुतलेली मोटार मागची चाकं अधांतरी करून भर चौकातून निघाली. एकानेही आवाज केला नाही.

बातमी त्याच्या आधी घरी पोहोचली. ड्यूटी संपवून तो गल्लीत शिरतो न शिरतो तोच फोन वाजला. जुमाना होती. घरातूनच बोलत होती. बापासमोर येऊन बोलण्याची तिची तयारी नसावी.

"बाबा, खरं आहे?"

"खरं आहे."

"गाडीसुद्धा नेली?"

"नेली."

मग ती म्हणाली, "आयुष्यभर तुम्ही सगळ्या गावाचे हवालदार होतात. आजचा एक दिवस तरी नुसते माझे बाबा व्हायचंत."

फोन बंद झाला. नव्वाफ भिंतीला टेकून उभा राहिला. सत्तावीस वर्षांत त्याने लोकांचं काय काय ऐकून घेतलं होतं, पण हे त्याला कुठेतरी आत लागलं.

गल्लीत मांडव घातला होता, शंभर खुर्च्या मांडल्या होत्या. त्याची बायको हियाम दारातच उभी होती.

"या, साहेब या! कुणाची राहिली असेल तर माझीही पावती फाडा. चुलीवर मी चार भांडी एका ओळीत लावलीत, रस्ता अडलाय!"

"हियाम, हळू बोल."

"का हळू? गावाला ऐकू गेलंय सगळं. गोड कुनाफ्याच्या सहा पराती केल्यात मी. आता त्या काय तुमच्या चौकात वाटायच्या?"

नव्वाफचा थोरला भाऊ अबू नायल, घरातला वडीलधारा म्हणून आज जाहेला उत्तर देणारा, नवा कोट घालून येरझाऱ्या घालत होता. "येणार नाहीत," तो दर पाच मिनिटांनी म्हणत होता. "पाशांच्या गाडीला हात लावलास. मी त्यांच्या जागी असतो तर आलो नसतो. दोन पावत्या भरल्यात मी तुझ्या, मला ठाऊक आहे कसं वाटतं ते."

साडेपाच वाजले. पावणेसहा झाले. रिकाम्या शंभर खुर्च्यांकडे शेजारी गच्चीवरून पाहत होते. सहाला जिर्यसचा फोन आला: तो इस्पितळात जाऊन आला होता, म्हातारा जिवंत होता, नळीवर होता, पण डोळे उघडले होते. नव्वाफने तोंडावरून दोन्ही हात फिरवून देवाचे आभार मानले. हियामने विचारलं, कोण म्हातारा? त्याने सांगितलं. ती आत जाऊन त्याच्यासाठी पाणी घेऊन आली.

आणि सव्वासहाला गल्लीच्या तोंडाशी एक गाडी वळली.

गच्चीवरची पोरं आधी किंचाळली, मग हसायला लागली. येत होती ती टोमॅटोच्या खोक्यांची खटारा पिकअप, आणि चालकाशेजारी पट्टा लावून, छातीवर पदकं मिरवत ताठ बसले होते सलामा पाशा. तिच्या मागे पन्नास गाड्या. एकीमागे एक, सरळ रांगेत, बैलगाडीच्या वेगाने. हॉर्न नाही, ढोल नाही. वळताना प्रत्येक गाडीचा दिवा लुकलुकत होता, प्रत्येकाने पट्टा लावला होता, आणि मुहन्नद मागच्या बाकावर हात मांडीवर ठेवून शाळकरी पोरासारखा बसला होता. सगळ्या करकमध्ये अशी वरात कुणी पाहिली नव्हती.

"टोमणा मारतायत," अबू नायल पुटपुटला.

"मारू देत," नव्वाफ म्हणाला. "चालवतायत बरोबर."

मंडळी बसली. पाहुण्यांची रांग एका बाजूला, घरच्यांची समोर. रकान पाशांच्या शेजारी, पुन्हा नुसता भांग दिसेल असा. कॉफीवाल्याने बिनकानाच्या चिमुकल्या पेल्यात कडू कॉफी ओतून पाशांच्या हातात दिली. पाशांनी ती रिवाजाप्रमाणे न पिता समोरच्या मेजावर ठेवली. जाहेचा पुढारी पेला खाली ठेवतो तो मागणी मान्य होईपर्यंत उचलत नाही. आणि पाहुणा कॉफी न पिता उठला तर त्या घराला पुढच्या पिढीपर्यंत तोंड दाखवायला जागा राहत नाही.

पाशा उठले. देवाचं नाव घेतलं, दोन्ही घराण्यांच्या आजे-पणजांची नावं घेतली, आणि म्हणाले, "अबू नायल, आम्ही तुमच्या दारी दोन मागण्या घेऊन आलोय. पहिली, आमच्या रकानसाठी तुमची जुमाना."

अबू नायल या वाक्यासाठी महिनाभर तयारी करत होता. तो उठला आणि घसा खाकरून गरजला, "पाशा, तुम्ही आलात तोच आमचा मान! मुलगी तुमची झाली. कॉफी घ्या!"

पाशांनी पेल्याला हात लावला नाही.

"दुसरी मागणी नव्वाफकडे आहे," ते म्हणाले. "माझी मोटार मी मागत नाही. सात दिवस उन्हात राहिली म्हणून ती वितळणार नाही. पण या पोराचं लायसन आज त्याच्या हातात द्या. उद्या गावात लोक म्हणतील, सासऱ्याने पहिल्याच दिवशी जावयाचं नाक कापलं. एवढं करा, आणि मी कॉफी घेतो."

स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा हलला. बायका तिथे दाटीवाटीने उभ्या होत्या, आणि त्यात जुमाना होती हे नव्वाफला न पाहता कळत होतं. अबू नायलने खुर्चीखालून त्याच्या नडगीवर सणसणीत लाथ घातली.

नव्वाफ उभा राहिला. इतक्या लोकांपुढे गणवेशाशिवाय उभं राहायची त्याला सवय नव्हती. हात कुठे ठेवावेत ते कळेना.

"पाशा," तो म्हणाला, "माझ्या घरातलं जे मागाल ते तुमचं. हे घर मागा, उद्या भाड्याने राहायला जातो. पण ते लायसन माझ्या घरातलं नाही. ते ठाण्यात जमा केलंय, आणि खिशात असतं तरी... तरी मी दिलं नसतं. आज अडलेल्या अॅम्ब्युलन्समध्ये एक म्हातारा होता. त्याच्या बायकोला मी काय सांगू? की जावई होता?"

कुणी 'च्च' केलं. मागच्या रांगेतले दोन काका कोट सावरत उठू लागले. एकाने मोठ्याने म्हटलं, "चला मग. इथे आपला मान राहिला नाही." पाशा पुन्हा खाली बसून पेल्याकडे पाहत होते. ते उठले की संपलं. वीस वर्षांनीसुद्धा गावात जुमानाचं नाव निघालं की हाच पेला निघाला असता. नव्वाफ उभाच राहिला.

तेवढ्यात रकान वाकला. त्याने पाशांच्या समोरचा पेला उचलला, आणि एका दमात, सगळ्यांच्या देखत, पिऊन टाकला.

मांडवातून एकदम आवाज उठला. एक म्हातारा तर छातीला हात लावून खाली बसला. पुढाऱ्याचा पेला दुसऱ्याने उचलायचा, तोही नवऱ्या मुलाने, हे कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं. रकानच्या हातात रिकामा पेला होता, आणि आपण काय करून बसलो हे आता कुठे त्याच्या ध्यानात येत होतं.

"माफ करा पाशा," तो म्हणाला. मान या वेळी वर होती. नव्वाफने त्याचा चेहरा पहिल्यांदाच नीट पाहिला. "माझी एकच मागणी होती, ती मिळाली. दुसरी माझी नव्हती. मला आरशात ती अॅम्ब्युलन्स दिसत होती. पहिल्यापासून दिसत होती. ओळ तुटेल म्हणून मी बाजूला झालो नाही. काकांनी लायसन परत दिलं असतं ना, तर मला ते खिशात ठेवता आलं नसतं."

पाशांनी त्याच्याकडे पाहिलं. मग रिकाम्या पेल्याकडे. मग नव्वाफकडे.

"पंच्याहत्तर वर्षांचा झालो," ते सावकाश म्हणाले. "खून मिटवले, जमिनी मिटवल्या. माझ्या हातचा पेला आजवर एकाही मायच्या लालाने पळवला नव्हता." आणि त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "अबू जुमाना, सांभाळा या पोराला. अरे, बघता काय! मला दुसरा पेला भरा!"

त्यांनी तो घेतला, एका घोटात रिकामा केला, आणि मांडवात एकच जल्लोष उडाला. खिडकीतून बायकांनी जीभ फिरवत काढलेली आनंदाची लांबलचक किलकारी निघाली, ती गच्च्यागच्च्यांवरून पुढे गेली. कुणीतरी फातिहाची प्रार्थना सुरू केली, शंभर तळहात आभाळाकडे झाले. मुहन्नदला आता आवरेना, तो नाचायलाच लागला, आणि उठून चाललेले दोन काका कुनाफ्याच्या परातीजवळ सर्वांत पुढे होते. अबू नायल भेटेल त्याला सांगत सुटला, "माझा भाऊ! दोन पावत्या फाडल्यात त्याने माझ्या, दोन!"

गर्दीतून वाट काढत जुमाना बापाजवळ आली. डोळे सुजलेले होते.

"बाबा, त्याने खरंच पाशांचा पेला घेतला?"

"घेतला."

"सगळा प्यायला?"

"थेंबसुद्धा ठेवला नाही."

ती हसायला लागली, आणि हसता हसता तिने कपाळ त्याच्या खांद्यावर टेकलं. दुपारच्या बोलण्याबद्दल ती काही म्हणाली नाही, त्यानेही काढलं नाही. खांदा ओला होत होता, आणि नव्वाफला वाटलं, ही अशीच आणखी थोडा वेळ उभी राहावी. पण आतून बायकांनी तिला ओढून नेलं.

उन्हं कलली तशी मंडळी निघाली. पन्नास गाड्या आणि अरुंद गल्ली, त्यात खाली मोठ्या रस्त्याला उतार. कुणाची गाडी कुणापुढे जाईना. नव्वाफ आपसूक गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. अंगात समारंभाचा कोट, शिट्टी नाही, टोपी नाही. नुसत्या हातांनी तो एकेक गाडी काढू लागला. तू ये. तू थांब. आता तू. लोक काचा खाली करून त्याला सलाम करत होते, "मबरूक, अबू जुमाना!" म्हणून अभिनंदन करत होते, आणि तो मान हलवत होता.

मग टोमॅटोची पिकअप आली. पाशा दुसऱ्या गाडीने गेले होते. त्यांच्या जागी आता रकान बसला होता, पट्टा लावून. खालून मोठ्या रस्त्यावरून एक ट्रक चढत येत होता, म्हणून नव्वाफने हात वर करून पिकअप थांबवली. काचेआडून रकानने त्याच्याकडे पाहिलं आणि छातीवर हात ठेवला.

नव्वाफच्या मनात आलं, या गाड्या आता लग्नाच्या दिवशी येतील. त्या दिवशीही इथे असंच उभं राहून त्या आपणच काढून द्यायच्या, आणि त्यांतल्या एका गाडीत जुमाना बसलेली असेल. दुपारपासून मागणी मोडेल या भीतीत हा विचार त्याला सुचलाच नव्हता.

ट्रक गुरगुरत निघून गेला. रस्ता मोकळा झाला, दोन्ही बाजूंनी दूरवर एक गाडी नव्हती. नव्वाफचा हात अजून वरच होता. मागे वीस गाड्या उभ्या होत्या, आणि एकानेही हॉर्न वाजवला नाही.